तंबोरा कुठे बसवायचा?

मैत्रिणीचा मुलगा अंधेरीच्या एका लहानशा स्टुडिओत मिक्सिंग करतो. "मावशी, एकदा या, तुम्हाला एक गंमत ऐकवायची आहे," असं त्याचं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी गेले. खोली जेमतेम दहा बाय बारा, भिंतींना करड्या स्पंजचे चौकोन, मधोमध एक चाकांची खुर्ची, आणि त्या खुर्चीकडे तोंड करून लावलेले स्पीकर. कानाच्या उंचीवर सात, खालच्या धमकीसाठी जमिनीवर एक, आणि छताला चार. मला खुर्चीत बसवून त्याने दिवा मंद केला आणि एका तरुण गायिकेचा बागेश्री लावला. आधी नुसता तंबोरा सुरू झाला आणि मी नकळत वर पाहिलं. मध्यमात लावलेला तो तंबोरा डोक्यावरून झिरपत होता. मग समोरून आवाज आला, डावीकडे तबला, उजवीकडे पेटी. ही सगळी आपापल्या जागी. तंबोरा तेवढा छताला.

"वर का रे टांगलास?" मी विचारलं.

"वर जागा रिकामी होती, मावशी."

उत्तर अगदी सरळ होतं, त्यात लबाडी नव्हती. तरी घरी येताना मेट्रोत, आणि नंतर कितीतरी दिवस, भाजी निवडताना, रात्री झोप लागायच्या आधी, ते वाक्य मला खुपत राहिलं. ऐकायला ते वाईट लागत होतं म्हणावं, तर तसंही नाही. डोळे मिटल्यावर एखाद्या जुन्या देवळाच्या सभामंडपात बसल्यासारखं वाटलं होतं, अंगावर काटाही आला होता. म्हणूनच तर जास्त खुपलं.

तरुणपणी बरीच वर्षं मी आमच्या बाईंच्या मागे तंबोऱ्याला बसले. गाणाऱ्याच्या मागे बसणाऱ्याला मैफल उलटी दिसते. समोर बाईंची पाठ, ब्लाउजच्या गाठीचे गोंडे, त्यांच्या पलीकडे माणसांचे अंधूक चेहरे. ऐकूही उलटंच येतं. बाईंचा आवाज थेट कधी येत नाही, तो सभागृहाच्या पलीकडच्या भिंतीला लागून, थोडा मऊ होऊन परत येतो. उजव्या कानाशी तंबोऱ्याची दांडी आणि मांडीला भोपळ्याची थरथर, ती मात्र इतकी जवळ की ऐकतोय की अंगावर घेतोय ते कळत नाही. पलीकडे दुसरा तंबोरा. दोन्ही एकाच सुरात लावलेले, तरी दोघांच्या तारा कधीच एका वेळी छेडल्या जात नाहीत. एकाचा खर्ज विरत असतो तेव्हा दुसऱ्याची जोड वाजते. जवारी, म्हणजे घोडीवर तारेला झंकार देणारी ती जागा, नीट खुललेली असली की त्या दोघांच्या मधल्या हवेत काहीतरी हलत राहतं, आणि बाई नेमक्या त्या हवेत बसायच्या. गाणं सुरू करण्यापूर्वी मान जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे करून बघायच्या. "दोन्ही कान भरले पाहिजेत गं," म्हणायच्या. एखादा आयोजक "एकाच तंबोऱ्यावर भागवा" म्हणाला तर त्यांचा चेहरा पडायचा. त्या वेळी मला ते वडीलधाऱ्या माणसाचं खूळ वाटायचं.

आपल्याला दोन कान आहेत, ही गोष्ट ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या लक्षात यायला खरं तर वेळ लागला नव्हता. १८८१ सालच्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर नावाच्या इंजिनिअरने तिथल्या ऑपेराच्या रंगमंचावर पुढच्या कडेला टेलिफोनचे मायक्रोफोन जोडीजोडीने लावले आणि तारा प्रदर्शनाच्या खोल्यांपर्यंत आणल्या. ऐकणाऱ्याने दोन रिसीव्हर दोन कानांना लावायचे; एक डावीकडच्या मायक्रोफोनचा, एक उजवीकडच्या. रांगा लागल्या. गायक रंगमंचावर इकडून तिकडे गेला की कानात तो इकडून तिकडे जात होता. ग्रामोफोन घरोघरी पोहोचायच्याही आधीची ही गोष्ट. मग ग्रामोफोन आला आणि पुढची कित्येक दशकं सगळ्या गाणाऱ्यांना एका कर्ण्यात तोंड घालून गावं लागलं. आपल्याकडच्या त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या ऐकताना गाणारीचा आवाज पुढे असतो आणि तंबोरा बहुतेक वेळा नसतोच. कर्ण्याला तो ऐकूच जात नसे.

दोन कानांसाठी दोन वेगळे आवाज देणाऱ्या स्टिरिओचा खरा बाप मात्र ॲलन ब्लमलाइन. लंडनला ईएमआय या ग्रामोफोन कंपनीत काम करणारा, तिशीही न गाठलेला इंजिनिअर. बोलपट नुकते आले होते. असं सांगतात की १९३१ साली तो बायकोबरोबर सिनेमाला गेला असताना पडद्यावर माणूस एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे पाहून वैतागला, आणि आवाज माणसाच्या मागोमाग जाईल अशी युक्ती आपल्याकडे आहे, असं तिला म्हणाला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्याने पेटंटचा अर्ज दिला. त्यात ७० दावे होते. दोन मायक्रोफोन एकाच जागी, एकमेकांशी काटकोनात ठेवून सगळ्या खोलीचा आवाज कसा टिपायचा, तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कसे कोरायचे, डाव्या-उजव्याची बेरीज आणि वजाबाकी करून ध्वनीची रुंदी कशी कमी-जास्त करायची, हे सगळं त्या एका कागदात. १९३४ साली ॲबी रोडच्या स्टुडिओत टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाच्या तालमीचं ध्वनिमुद्रण त्याने या पद्धतीने केलं. पण मला जास्त आवडतात ते त्याचे १९३५चे चाचणीपट. एकात माणसं नुसती रंगमंचावर चालत बोलत राहतात. दुसऱ्यात हेज स्टेशनातून गाड्या जातात. बस्स. आवाज माणसाबरोबर चालतो, गाडीबरोबर धावतो, एवढंच बघायचं होतं त्याला. १९४२च्या जूनमध्ये रडारच्या चाचणीसाठी निघालेल्या विमानाला अपघात झाला, त्यात तो गेला. वय ३८. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८च्या सुमारास.

ब्लमलाइनचा आग्रह काय होता, तर जे जिथे घडलं ते तिथेच ऐकू यावं. गाडी डावीकडून आली तर डावीकडून. त्याच सुमारास अमेरिकेत मात्र दुसरा एक प्रयोग झाला, आणि त्यात मला आमच्या अंधेरीच्या मुलाचा पूर्वज सापडतो. १९३३च्या एप्रिलमध्ये बेल लॅब्स या टेलिफोनच्या प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तीन तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात तीन स्पीकरांवर ऐकवला. वाद्यवृंदाचा नेहमीचा प्रमुख लिओपोल्ड स्टोकोव्स्की फिलाडेल्फियात नव्हताच. तिथे त्याचा सहकारी होता. स्टोकोव्स्की वॉशिंग्टनला बटणांसमोर बसला होता, हवं तिथे आवाज वाढवत, हवं तिथे दाबत. म्हणजे एकाला जागा जपायची होती आणि दुसऱ्याला ती आपल्या मर्जीने घडवायची होती. मला वाटतं, तेव्हापासून हे दोन पंथ आहेत, आणि आज दुसऱ्याचा जोर आहे.

आता डॉल्बीचं सांगते. स्टुडिओच्या दारावर तेच नाव लावलेलं आहे आणि आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत ज्या भिंतींमुळे खिडक्यांच्या काचा थरथरतात त्यांनाही आपण तेच म्हणतो. पण रे डॉल्बी या माणसाचं नाव झालं ते गोंगाट कमी करण्याच्या कामामुळे. तो १९६३ ते ६५ युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. हौसेने आपलं संगीत टेपवर घ्यायचा, आणि टेपची ती सतत चालणारी सूंऽऽ त्याला सतवायची. ती कशी काढायची याचा विचार त्याने इथेच केला आणि १९६५ साली लंडनला जाऊन कंपनी काढली. युक्ती अशी, की मुद्रण करताना हळू आवाज मुद्दाम वाढवून घ्यायचे आणि ऐकवताना तेवढेच परत खाली आणायचे. त्यांच्याबरोबर टेपची सूंही खाली जाते. तेव्हा त्याच्या टेपवर कोण गात होतं कोण जाणे. पण मला खात्रीने वाटतं की ती सूं त्याला छळत असणार ती मैफलीतल्या त्या जागेवर, जिथे गाणारा श्वास घ्यायला थांबतो आणि नुसता तंबोरा उरतो. टेपची सूं आणि जवारीचा झंकार एकाच उंचीवर राहतात. एकीला काढायचं आणि दुसऱ्याला ठेवायचं, हे सोपं नाही.

डिजिटल आल्यावर सूं गेली. सीडीत एका सेकंदाच्या ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतात, म्हणजे लाटेची उंची तेवढ्या वेळा मोजून ठेवतात. हा आकडा कुठून आला ते त्या मुलाने सांगितलं तेव्हा मी हसलेच. त्या काळी एवढी माहिती साठवायला व्हिडिओ टेपच तेवढी हाताशी होती, म्हणून टीव्हीच्या चित्राच्या रेघांमध्ये आवाज भरत. एका रेघेत ३ नमुने, २४५ रेघा, सेकंदाला ६० वेळा: गुणाकार ४४,१००. युरोपच्या टीव्हीत २९४ रेघा आणि ५० वेळा, तरी तेच. संगीताचा यात संबंध एवढाच की माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत वरच्या सुराच्या दुपटीपेक्षा तो आकडा थोडा जास्त भरतो. मी त्याला माझी शंका विचारली. डाव्या-उजव्या कानात आवाज पोहोचण्यातला सेकंदाचा एक लाखावा हिस्सा एवढा फरकही आपल्याला जाणवतो म्हणतात, आणि इथे दोन नमुन्यांमध्येच त्याच्या दुपटीहून जास्त वेळ जातो. मग जागा हरवत नाही का? "नाही मावशी," तो म्हणाला, "लाट दोन ठिपक्यांच्या मध्ये कुठे होती हेही ठिपक्यांच्या उंचीवरून कळतं." त्याने पडद्यावर दोन लाटा काढून दाखवल्या, एक दुसरीपेक्षा केसभर सरकलेली. ठिपक्यांच्या जागा त्याच, उंची वेगळी. ते मला पटलं.

जागा हरवली ती सीडीनंतर, एमपीथ्रीमध्ये. बाईंच्या एका खासगी मैफलीची अशीच एक पिळून बारीक केलेली फाइल माझ्याकडे व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आली. गळा ओळखू येतो, तानही कळते. तंबोरा मात्र पाण्याखाली वाजल्यासारखा. फाइल लहान करताना जो आवाज दुसऱ्या मोठ्या आवाजाखाली झाकला जाईल तो फेकून देतात, आणि डाव्या-उजव्यातला बारीक फरकही फार जपत नाहीत. तंबोऱ्याचं सगळं सत्त्व नेमकं त्यातच. त्या मैफलीत डावा तंबोरा माझ्या हातात होता. फाइलमध्ये डावा-उजवा काही उरलेला नाही.

मी हे सगळं वाचत सुटले ते त्या "रिकाम्या जागे"मुळे, आणि त्या वाचनात मायकेल गेर्झन भेटला. ऑक्सफर्डचा गणिती, दम्याने बेजार. सत्तरच्या दशकात कंपन्या चार स्पीकरांची क्वाड्रोफोनी विकू बघत होत्या. त्यात ज्याची त्याची पद्धत वेगळी, एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर नीट वाजेना. गिऱ्हाईक कंटाळलं आणि तो धंदा बसला. गेर्झनने मुळातच वेगळा विचार केला. स्पीकर किती आणि कुठे, हे आधी ठरवायचंच नाही. आधी एका बिंदूपाशी येणारा सगळा आवाज त्याच्या दिशेसकट टिपायचा. त्याने आणि पीटर क्रेव्हनने चार तोंडांचा मायक्रोफोन आखला, चौफलकाच्या चार बाजूंवर चार. त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांमधून चार गोष्टी निघतात: एकूण आवाज किती, पुढे-मागे किती, डावी-उजवीकडे किती, वर-खाली किती. एवढं हातात आलं की पुढे चार स्पीकर असोत वा चाळीस, गणित करून वाटून देता येतं. मैफलीच्या मधोमध असा मायक्रोफोन ठेवला असता तर त्याला बाईंची पाठही ऐकू गेली असती, असं माझ्या मनात आलं. बाजारात ते चाललं नाही. गेर्झन १९९६ साली पन्नाशीतच वारला. पुढे वीसेक वर्षांनी डोळ्यांवर चढवायचे व्हीआरचे चष्मे आले, मान वळवली की आवाजाची दिशाही वळायला हवी अशी गरज निर्माण झाली, आणि त्याचं गणित अडगळीतून काढून तसंच्या तसं वापरलं गेलं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी पुन्हा अंधेरीला गेले. या वेळी भांडायच्या तयारीनेच. "जो तंबोरा मागे वाजला तो मागेच ऐकू आला पाहिजे," मी म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "वाजलाच नाही मावशी. ॲपमधला आहे." गायिकेने एका खोलीत हेडफोन लावून गायलं होतं, तबला दुसऱ्या दिवशी, पेटी पुण्याहून फाइलने आलेली. आता कुठे ठेव म्हणून सांगणार? जो कुठेच नव्हता त्याची मूळ जागा कोणती? माझा ब्लमलाइन तिथेच गार पडला. मग त्यानेच विचारलं, "श्रोत्याच्या बाजूने बसवू की गायिकेच्या? म्हणजे तबला कुठल्या हाताला ते त्यावर ठरतं. तुमची जागा सांगा, तिथून मांडतो." मला कुणी ही जागा विचारेल असं वाटलं नव्हतं. मागे बसणाऱ्याच्या कानाने कोण ऐकतं?

पडद्यावर एक रिकामी खोली काढलेली असते आणि तिच्यात गोल ठिपके. त्याने तंबोऱ्याचे दोन ठिपके केले, एकाच्या तारा थोड्या उशिराने छेडल्या जातील असं बघितलं, आणि दोन्ही उचलून खोलीच्या मागच्या भिंतीशी, डावी-उजवीकडे ठेवले. स्पीकरांवर ते चोख ऐकू आलं. पाठीला ऊब लागावी तसं. मग त्याने हेडफोन दिले, कारण शंभरातली नव्वद माणसं हेडफोनवरच ऐकणार. आणि हेडफोनवर तंबोरे धावत पुढे आले. थेट कपाळात. मी हेडफोन काढले, घातले, पुन्हा तेच. तो हसत होता. त्याला हे माहीत होतं.

समोरून आलेला आवाज आणि पाठीमागून आलेला आवाज, दोन्ही दोन कानांत सारख्याच वेळी, सारख्याच जोराने पोहोचतात. डावं-उजवं त्या फरकावरून कळतं, पुढचं-मागचं कळत नाही. ते कळतं बाहेरच्या कानाच्या वळ्यांमुळे. आवाज त्यांना आपटून आत शिरताना काही सूर थोडे दबतात, काही उठतात, आणि कुठून आला की कसा बदलतो हे मेंदूने लहानपणापासून पाठ केलेलं असतं. माझ्या पाळ्या कुड्यांनी ओघळल्या आहेत, पण पाळीचा इथे काही संबंध नाही. सगळा खेळ वरच्या वळ्यांचा आणि वाटीचा. प्रत्येकाच्या वळ्या निराळ्या. संगणकाला मात्र कोणाचा तरी एक कान लागतो. केमार नावाचा एक पुतळा आहे, १९७२ साली श्रवणयंत्रांच्या चाचण्यांसाठी केलेला, सरासरी प्रौढ माणसाच्या मापाचं डोकं आणि धड, रबरी कान, आत मायक्रोफोन. १९९४ साली एमआयटीत त्याच्याभोवती ७१० ठिकाणांहून आवाज करून त्याच्या कानात काय पोहोचतं ते मोजलं आणि सगळ्यांना फुकट वापरायला दिलं. तेव्हापासून असल्या पुतळ्यांच्या कानांनी जगातली किती माणसं ऐकत आली आहेत. माझा कान त्या सरासरीत बसत नाही, म्हणून माझे तंबोरे मागे राहायला तयार नव्हते. आता काही फोन कॅमेऱ्याने तुमच्या कानाचं रूप पाहून हिशेब बदलतात म्हणे. माझ्या फोनला तेवढी अक्कल नाही.

मग त्याने कपाटातून दुसरे हेडफोन काढले, डोकं किती वळलं हे ओळखणारे. "आता मान हळूच वळवा." मी वळवली. जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे. आणि तंबोरे कपाळातून निघून सरळ पाठीमागे जाऊन बसले. पुन्हा मान सरळ केली तरी मागेच राहिले. हान्स वालाख या मानसशास्त्रज्ञाने १९४० सालीच हे प्रयोगाने दाखवलं होतं: मान डावीकडे वळली की समोरचा आवाज उजव्या कानाकडे सरकतो, मागचा असेल तर डाव्या कानाकडे, मेंदू तेवढ्यावरून निकाल देतो. बाई गाण्याआधी मान अशी का हलवायच्या, याचं याहून बरं कारण मला अजून मिळालेलं नाही. अर्थात त्यांना मानेचा त्रासही होता.

त्या संध्याकाळी आम्ही दोन मिक्स तयार केले. एकात तंबोरे मागे, एकात छताला. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी मला दुसऱ्याचाही राग येईनासा झाला. आवाजाला जागाच नसेल तर कुणीतरी ती ठरवणारच. फक्त रिकामी आहे म्हणून ठरवू नये, एवढंच माझं मागणं उरलं होतं. दोन्ही मिक्स गायिकेकडे गेले. आमच्या मनात मोठी उत्सुकता. दोन दिवसांनी तिचा निरोप आला, लोकलमध्ये इअरफोनवर ऐकून पाठवलेला: "दोन्ही मस्त! फक्त तंबोरा जरा वाढवाल का?"